वडीगोद्रीचा आग्रह

वडीगोद्री, ता. अंबड
३ जानेवारी १९५८

ख्वाजाभाई,

आधी सलाम घे, मंग शिव्या खा. अरे, एवढी मोठी बातमी अन् ती मला बद्रीनाथ शेठच्या दुकानातल्या पेपरात वाचावी लागती? हैदराबादहून थेट मुंबईपर्यंत सायकलींची शर्यत, दख्खन दौड म्हणून. रोज एक मजल. अन् जालन्याहून औरंगाबादला जाताना सरळ वाट सोडून अंबड, वडीगोद्री, पाचोड असा वळसा! म्हंजी माझ्या हाटेलाच्या दारावरून! तू सायकल कंपनीच्या ट्रकावर डायवर, तुझा सख्खा भाऊ शर्यतीत, अन् तू मला एक कार्ड टाकत न्हाईस. धन्य हाये बाबा तुझी.

जहांगीरचं नाव मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कोण जहांगीर, असं कचरूनं विचारलं, तर तुळजामाय कडाडली, "मुडद्या, ह्या हातानं नाळ कापली त्याची, अन् तू मला इचारतो?" म्हातारीला आता दिसत न्हाई धड, पण तोंड अजून पहिल्यासारखंच हाये.

माझ्या हाटेलात देवाच्या तसबिरीशेजारी जहांगीरचे पेपरातले फोटू चिकटवलेत. पुण्याची शर्यत, बंगलोरची शर्यत, समदे. गिऱ्हाईक चहा कमी पितं अन् माझी बडबड जास्त ऐकतं. उषा म्हणती, "ह्यांना सोताला सायकलीवर बसता येत न्हाई, अन् येड बघा." खरंच हाये. दोनदा बसलो, दोनदा नालीत गेल्तो.

दहा वर्षं झाली तुमी गाव सोडून. नूरचाची कशी हाये? तिला सांग, तुमच्या दारातला लिंब लई वाढला.

तुझा,
गिरिधर

•

हैदराबाद
९ जानेवारी १९५८

गिरिधर,

तुझ्या शिव्या पोचल्या, गोड लागल्या. कार्ड मी मुद्दामच टाकलं नव्हतं. दौड कुठून जाते ते अम्मीला सांगितलेलं नाही. ती गावाचं नाव काढत नाही, आणि दुसऱ्यानं काढलं तर उठून आत जाते. लिंबाचं मी तिला बोललो नाही.

आता तुझ्याजवळ म्हणून लिहितो. जहांगीरची ही आखरी दौड. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलाय. कंपनीला माहीत नाही, तू कुणाजवळ बोलू नको. साहेबांनी जबान दिली आहे की आमच्या कंपनीचा जो गडी मुंबईत लाल बनियन घालून उतरेल, त्याला कारखान्यात कायमची नोकरी आणि राहायला खोली. नाही जमलं तर सायकल परत करायची आणि घरी बसायचं. त्याला दुसरं काही येत नाही रे. शाळा सुटली त्या गडबडीत, हुन्नर शिकला नाही, पायावरच जगला. अम्मीचा सगळा भरोसा त्या खोलीवर आहे.

लाल बनियन काय, ते नीट वाच. ही आपली बैलांची शर्यत नाही, की पुढं आला तो जिंकला. रोजचा वेळ घड्याळावर टिपतात आणि सगळ्या दिवसांची बेरीज करतात. ज्याची बेरीज कमी, त्याच्या अंगावर लाल बनियन. म्हणून वाटेत एक पळ वाया जाता कामा नये. कापसाच्या गाड्या, शेळ्या-मेंढ्या, काही आडवं येऊ देऊ नको. एवढं तुझ्याकडे मागतो.

परवा मी त्याचे पाय चोळत होतो तर म्हणाला, "भाईजान, वडीगोद्रीत रस्त्यावर कुणी येईल का?" मी म्हटलं, कशाला येतील?

ख्वाजामियाँ

•

वडीगोद्री
१५ जानेवारी १९५८

ख्वाजाभाई,

सोबत तिळगूळ हाये, पण तुझ्यासंगं गोड बोलायची माझी बिलकुल इच्छा न्हाई. कशाला येतील म्हणलास? तुझ्या जिभेला काही हाड? त्याला सांग, आख्खं गाव येईल. पाटील येतील, वामन मास्तर शाळा सोडून पोरं घेऊन येतील. तुळजामायनं आत्ताच लुगडं धुवून ठेवलंय.

वाटेची काळजी करू नको. गाडीवाल्यांकडून मी शब्द घेतलाय, त्या दिवशी एक बी गाडी रस्त्यावर येणार न्हाई. कचरू मेंढरं माळावर नेणार. खड्डे आमी मुरूम टाकून बुजवून राह्यलो. माझ्या शब्दावर पाटील सोता पाटी घेऊन उभे राह्यले, बोल!

तुझं बेरजेचं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सोपं हाये. रोज पुढं राह्यचं अन् मुंबईत पहिलं उतरायचं. मागं कुणी दिसत नसलं म्हंजी झालं, मंग जीव घाबरा करायचं कारण न्हाई. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध. कुणाला बोललो न्हाई.

दिवसभर माझं ध्यान लागत न्हाई. काल एका गिऱ्हाइकाला चहात मीठ दिलं.

गिरिधर

•

परभणी
२१ जानेवारी १९५८

गिरिधर,

घाईत लिहितो. नांदेडपासून लाल बनियन जहांगीरच्या अंगावर आहे! बेरजेत एक पंजाबी गडी अगदी जरासा मागं, दुसऱ्या कंपनीचा. गुडघा सुजून लाल झालाय. सायकलीवरून उतरला की पाय टेकवत नाही, म्हणतो, गरम आहे तोवर चालतो, थंड झाला की संपला.

उद्या जालना. परवा सकाळी तुझं गाव. मी सामानाचा ट्रक घेऊन सरळ वाटेनं औरंगाबादला जाणार, मला तो दिसणार नाही. तू डोळे भरून बघ आणि मला लिही. खाली मुंबईचा पत्ता देतो. वाट मोकळी ठेव, भाऊ.

ख्वाजामियाँ

•

वडीगोद्री
२३ जानेवारी १९५८

ख्वाजाभाई,

आज माझ्या जन्माचं सोनं झालं! घाईत लिहून राह्यलो, अक्षर वाचून घे.

सकाळपासून रस्त्यावर सडा, रांगोळी, आंब्याचं तोरण. पोरांचं लेझीम. पार अंबडच्या वळणापर्यंत माणूस उभं. अन् मंग वळणावर लाल ठिपका दिसला. एकटा! मागं बघावं तर लांबपर्यंत धुरळा न्हाई. मी ओरडलो, "आला रे आपला वाघ!" अन् ढोल सुरू. मंग आमी समदे रस्त्यात आडवे झालो.

ब्रेक करकरले. म्हणतो, "भाऊ, जाऊ द्या. जाऊ द्या मला." एवढा मोठा गडी, पण लाजला! आपल्याकडं पाहुणा तीनदा नको म्हणतो अन् घरधनी चौथ्यांदा वाढतो. हैदराबादेत राहून बी पोरगं रीत इसरलं न्हाई, म्हणून माणसांचे डोळे भरून आले. तुळजामाय पुढं झाली, चाचपडत हँडल धरलं अन् म्हणाली, "थांब रे बाळा. थांब जरा." त्याला ओवाळलं. पाटलांनी सोता फेटा बांधला, एकदा बिघडला तर पुन्यांदा सोडून बांधला. नारळ दिला, दोन शब्द बोलले. वामन मास्तरांच्या पोरांनी गाणं म्हणलं. मी ताकाचा तांब्या दिला. तो सारखा मागं बघत व्हता. मी म्हणलं, "मागं कुणी न्हाई रे, निवांत पी!"

त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मायच्या पायाला हात लावला, फेटा तसाच डोक्यावर ठेवून निघाला. पहिल्यांदा पायडल मारताना जरा अडखळला, म्हणलं गर्दीमुळं असंल. मंग बऱ्याच वेळानं बाकीचे आले अन् भर्रकन गेले. त्यांच्याकडं कोण बघतो!

चाचीला सांग, गावानं तिच्या लेकराला राजावानी वागवलं. लवकर लिही, आज तो किती पुढं राह्यला ते.

तुझा भाग्यवान,
गिरिधर

•

वडीगोद्री
२५ जानेवारी १९५८

ख्वाजाभाई,

आज पेपर आला. औरंगाबादला लाल बनियन पंजाब्याच्या अंगावर गेलं म्हणून छापलंय. पाचोडच्या पुढं जहांगीरचा पाय आखडला म्हणं. छापणारानं काहीतरी घोळ घातला असंल, न्हाई का? तो तर एकटाच पुढं व्हता, मी ह्या डोळ्यांनी बघितलं!

वामन मास्तरांकडं पळत गेल्तो. त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. मागचा दिसत न्हाई म्हंजी काय, तो येऊनच राह्यलाय, अन् आपण उभे असलो तरी घड्याळ उभं राहत न्हाई. मास्तर बोलता बोलता खडू हातात घेऊन तसेच खाली बसले. त्यांच्याच पोरांनी गाणं म्हणलं ना.

तू लिहिलं व्हतंस रे. एक पळ म्हणला व्हतास. मी वाचलं अन् मला वाटलं, हे गाड्यांचं हाये, शेळ्यांचं हाये. माणसांचं हाये असं माझ्या मनात बी आलं न्हाई. मी गाड्या आडवल्या अन् सोता आडवा पडलो.

अजून पुण्याची वाट हाये, मुंबईचा घाट हाये. तो भरून काढील ना? सांग ना रे, काढील ना?

गिरिधर

•

वडीगोद्री
५ फेब्रुवारी १९५८

ख्वाजाभाई,

जालन्याला जाऊन तार केली, तिचं बी उत्तर न्हाई. दौड संपली हे पेपरात वाचलं. जहांगीर दुसरा. त्याच्या पुढं काही न्हाई लिहिलं. दुसरा आलेल्याला खोली देतात का? अर्धी तरी देत असतील का?

गावात आता भांडणं लागलीत. पाटील म्हणतात, गाणं लांबलं. मास्तर म्हणतात, फेटा दोनदा बांधायची काय गरज होती. समदे मिळून मंग माझ्याकडं बोट दाखवतात, अन् ते बराबर हाये. तुळजामाय जेवत न्हाई. ती सगळ्यांना एकच इचारती, "माझ्यामुळं झालं का रे?" काय सांगू तिला?

मी हाटेल दोन दिवस उघडलं न्हाई. आत बसलो तर भिंतीवरून तो बघतो. फोटू काढायला हात लावला, पण काढवंना. मी त्याच्या एवढ्या शर्यती पाठ केल्या, अन् शर्यत म्हंजी काय हेच मला कळलं न्हाई. कसला मी त्याचा भक्त!

शिवी लिही, पण लिही. तुझ्या पायाची आण.

गिरिधर

•

मुंबई
९ फेब्रुवारी १९५८

गिरिधर,

तुझी सगळी पत्रं मिळाली. हाताला धीर होत नव्हता म्हणून लिहिलं नाही. आता ऐक.

पाय थंड झाला आणि संपला. तरी त्या पायानं तो घाट चढला. माझा ट्रक त्याच्या मागं होता, मी काचेतून बघत होतो आणि रडत होतो. तुमच्या रस्त्यावर तो जेवढा वेळ उभा होता ना, त्याच्या निम्म्या वेळानं लाल बनियन गेलं.

एवढंच असतं तर नशीब म्हणून गिळलं असतं. औरंगाबादला तो फेटा बांधून, कपाळाला कुंकू लावून उतरला. कुणीतरी साहेबांचे कान भरले की हा स्वतःच्या गावात हसत ताक पीत उभा होता, पंजाब्याच्या कंपनीकडून पैसे खाल्ले. साहेबांनी त्याला बोलावून विचारलं. तो काय म्हणाला ते मला सांगत नाही. सायकल काढून घेतली. आता एका ओळखीच्याच्या गोदामात आम्ही तिघं आहोत. अम्मीला इथल्या खोलीत राहायला म्हणून बोलावून घेतलं होतं, ती बोचकं न सोडता बसली आहे. जहांगीर भिंतीकडं तोंड करून पडून असतो.

तुला एक विचारतो. अठ्ठेचाळीस साली, पोलिस ॲक्शनच्या दिवसांत, आमच्या लोकांची घरं जळत होती तेव्हा, आम्ही भरदिवसा गाडीत सामान टाकून ह्याच रस्त्यानं गेलो. अख्खं गाव दारात उभं होतं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, ते मी विसरत नाही. पण कुणी "थांबा" पण म्हटलं नाही. अम्मी वेशीपर्यंत वळून वळून बघत होती, कुणी हाक मारतं का म्हणून. आणि दहा वर्षांनी, ज्या एका दिवशी थांबायचं नव्हतं, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मिळून थांबवलं. वा रे गाव!

आता लिहू नको.

ख्वाजामियाँ

•

वडीगोद्री
१४ फेब्रुवारी १९५८

ख्वाजाभाई,

लिहू नको म्हणलास तरी लिहून राह्यलो. तुझं पत्र मी पारावर मोठ्यानं वाचलं. "वा रे गाव" पर्यंत. कुणी वर बघितलं न्हाई. पाटील म्हणाले, "खरं हाये ते, आपण दारात व्हतो." मी बी दारातच व्हतो, ख्वाजा. तुझी हाक आली असती तर धावलो असतो, असं मी दहा वर्षं मनाला सांगत आलो. पण हाक तू कशाला मारशील? मारायची मी व्हती.

ते दहा वर्षांचं राह्यलेलं सगळं आमी एका सकाळी त्याच्या गळ्यात घातलं. काय करून बसलो रे आमी! पैसे खाल्ल्याचा आळ माझ्यावर यावा, त्याच्यावर कशाला?

मी अन् तुळजामाय मुंबईला येऊन राह्यलो. साहेबाच्या दारात आडवं पडतो. त्यो म्हणंल त्या देवाची आण घेतो की ह्या पोरानं आमाला "जाऊ द्या" म्हणून हात जोडले व्हते. माय म्हणती, "माझे हात त्याला दाखवीन, ह्या हातानं धरलं व्हतं म्हणून." तिला गाडीत कसं बसवावं ते मी बघतो. तोवर जहांगीरला एकच सांग. मला लाथ मार म्हणाव, थुंक म्हणाव, पण भिंतीकडं तोंड करून पडू नको. मला ते दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं.

गिरिधर

•

मुंबई
२२ फेब्रुवारी १९५८

गिरिधरभाऊ,

मी जहांगीर. माझं मराठी लिहिणं शाळेसोबत सुटलं, तेव्हा चूकभूल माफ.

मुंबईला येऊ नका. साहेबानं मला विचारलं, कुणी थांबवलं तुला? मी म्हणालो, कुणी नाही, मी थांबलो. म्हणून त्यांना पैशाचं खरं वाटलं. पण दुसरं काय सांगणार होतो? तुमच्या हाटेलाच्या रांजणापाशी, डाव्या हाताला, सायकल जाईल एवढी जागा होती. मला ती दिसली होती, भाऊ. भाईजानला हे मी अजून सांगितलं नाही. मायचा हात हँडलवर होता, त्यात काही जोर नव्हता. माशी बसावी तसा. मी जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत होतो आणि पाय खाली टेकवला. मला ठाऊक होतं की टेकवला की संपलं.

माय थांब म्हणाली आणि माझ्याच्यानं जाववलं नाही. एवढंच आहे. त्यात शहाणपण नाही. रोज मला वाटतं, जायला पाहिजे होतं. ती खोली अम्मीची होती, माझी एकट्याची नव्हती. पाय आता सरळ होत नाही. डाक्टर म्हणतो, होणार पण नाही. सायकल नसलेला मी कोण, ते मला समजत नाही. जीव नको वाटतो, खोटं कशाला लिहू.

अम्मीला मी सगळं सांगितलं. ती उठून आत गेली नाही. आत जायला इथं दुसरी जागाच नाही. मग म्हणाली, "तुळजा काय म्हणाली? पुन्हा सांग." मी सांगितलं, थांब रे बाळा म्हणाली. तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी विचारते आणि मी सांगतो. काल म्हणाली, "लिंब आहे का अजून?" भाईजाननं तुमचं पहिलं पत्र काढून वाचून दाखवलं. त्यानं ते ठेवलं होतं.

हे गोदाम महिनाअखेर सोडायचं आहे. भाईजानला दुसरा ट्रक मिळाला, तो इथंच राहील. त्याचा राग गेला नाही, धरू नका. अम्मी आणि मी येत्या शनिवारी औरंगाबादहून दुपारच्या मोटारीनं येतो आहोत. तिथं येऊन मी काय करणार, मला माहीत नाही. फेटा, ढोल काही आणू नका, मला सोसणार नाही.

फक्त एक काम करा. ती मोटार वडीगोद्रीला कुणी हात केल्याशिवाय थांबत नाही म्हणतात. अम्मी सकाळपासून तेच विचारते आहे, कुणी हात करील का. मी तिला हो म्हणून बसलोय.

भाऊ, हात करा.

जहांगीर